नवीन फुप्फुसं, जुने पाय

(एपिसोडचं लिखित रूप. ज्यांना ऐकायला वेळ नाही किंवा घरच्या मोठ्यांना वाचायला द्यायचंय, त्यांच्यासाठी.)



आजचा विषय जरा वेगळा आहे. मागच्या एका भागात मी बोलता बोलता सांगितलं होतं की माझ्या बाबांचं लंग ट्रान्सप्लांट झालंय. दोन्ही फुप्फुसं. त्यानंतर बरेच मेसेज आले. त्यातला एक व्हॉइस मेसेज माझ्या डोक्यातून जात नव्हता. कोल्हापूरच्या बाजूचा एक मुलगा होता, आवाजावरून कॉलेजातला वाटला. तो म्हणाला, "ताई, माझ्या मामीला फायब्रोसिस आहे. घरी ऑक्सिजन लावलाय. डॉक्टर म्हणतात रोज चाला. घरातले म्हणतात, चालली की धाप लागते, झोपून राहू दे बिचारीला. आम्ही ऐकायचं कुणाचं?"

तर आजचा एपिसोड या प्रश्नावर. फुप्फुसाचं ट्रान्सप्लांट आणि व्यायाम. ऑपरेशनच्या आधीचा आणि नंतरचाही.

आधीच सांगते, मी डॉक्टर नाही, फिजिओ नाही. बीटेक केलंय, दिवसभर बॅकएंडचा कोड लिहिते. पण गेली चार वर्षं घरात हाच विषय आहे, त्यामुळे वाचलंय खूप, विचारलंय त्याहून जास्त. मी सांगते ते समजून घ्या. करायचं काय आणि किती, ते मात्र तुमच्या टीमला विचारूनच.

थोडा इतिहास

माणसातलं पहिलं फुप्फुसाचं ट्रान्सप्लांट झालं १९६३ साली. अमेरिकेत, मिसिसिपीमध्ये, डॉ. जेम्स हार्डी यांनी केलं. पेशंट १८ दिवस जगला. पुढची वीस वर्षं जगभर चाळीसच्या आसपास प्रयत्न झाले. १९६८ मध्ये बेल्जियममधल्या गेंटचा एक पेशंट दहा महिने जगला, तोच विक्रम. बाकीचे काही दिवस, काही आठवडे. अडचण बहुतेक वेळा एकाच ठिकाणी यायची. नवीन फुप्फुसाची श्वासनलिका जिथे शिवली, तो जोड भरूनच यायचा नाही.

मग १९८३. टोरांटो जनरल हॉस्पिटल, डॉ. जोएल कूपर आणि त्यांची टीम. पेशंट टॉम हॉल, वय ५८, आजार फायब्रोसिस. एक फुप्फुस बदललं. हा माणूस घरी गेला, कामावर परत गेला आणि सहा वर्षांहून जास्त जगला. तिथून लंग ट्रान्सप्लांट हा खऱ्या अर्थाने उपचार झाला.

यात सायक्लोस्पोरिन या औषधाचा वाटा आहे, शिवणीच्या नव्या पद्धतीचा आहे. आणि टोरांटोच्या या कार्यक्रमाने आणखी एक गोष्ट धरून ठेवली, तिच्याबद्दल कमी बोललं जातं. यादीत नाव असलेल्या पेशंटने व्यायामाला यायचंच. आठवड्यातून तीनदा, ऑक्सिजन लावून, ट्रेडमिलवर. २०१३ मध्ये त्यांनी तीनशेहून जास्त पेशंटची माहिती छापली. आजार वाढत असतानासुद्धा या लोकांची चालण्याची ताकद बऱ्यापैकी टिकून राहिली होती. आणि ऑपरेशनच्या आधी जे जास्त चालू शकत होते, ते ऑपरेशननंतर लवकर घरी गेले.

म्हणजे मामीच्या डॉक्टरांचं बरोबर आहे. पण "का" हे कळलं नाही तर घरचे ऐकणार नाहीत. म्हणून आता ते "का".

अडतं कुठे?

आपल्या कामात एक शब्द आहे, बॉटलनेक. अ‍ॅप स्लो आहे, म्हणून तुम्ही सर्व्हर बदलला. एकदम नवा, भारी. तरी अ‍ॅप स्लोच. मग शोधल्यावर कळतं की अडतंय पुढे, डेटाबेसमध्ये.

शरीरात ऑक्सिजनचा प्रवास तसाच आहे. हवेतून फुप्फुसात, तिथून रक्तात, हृदय ते रक्त ढकलतं, आणि शेवटी स्नायूंच्या पेशी तो ऑक्सिजन वापरून ऊर्जा तयार करतात. ट्रान्सप्लांटमध्ये या साखळीची पहिली कडी बदलते. बाकीच्या कड्या जुन्याच.

फुंकायच्या टेस्टमध्ये, म्हणजे स्पायरोमेट्रीमध्ये, अनेकांचे आकडे ट्रान्सप्लांटनंतर जवळजवळ नॉर्मल येतात. पण त्याच माणसाला सायकलवर बसवून पूर्ण दमेपर्यंत चालवलं आणि शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरतं ते मोजलं, तर आकडा त्या वयाच्या निरोगी माणसाच्या साधारण ४० ते ६० टक्केच येतो. विचारलं, "का थांबलात?" तर बरेच जण म्हणतात, "पाय भरून आले." श्वास पुरतो, पाय दगा देतात.

कारणं बरीच आहेत. आजारात दोन-तीन वर्षं हालचाल कमी झालेली असते, त्यामुळे मांडीचे स्नायू आधीच वाळलेले. मग ऑपरेशन, आयसीयू, व्हेंटिलेटर. पडून राहिल्यावर स्नायू किती पटकन जातात, हे पायाचं प्लास्टर काढलेल्या कुणालाही विचारा. वर प्रेडनिसोलोनसारखी स्टिरॉइड्स, ती स्नायू आणि हाडं दोन्ही खातात. नवीन अवयव शरीराने नाकारू नये म्हणून टॅक्रोलिमस किंवा सायक्लोस्पोरिन आयुष्यभर घ्यावं लागतं. या औषधांचाही स्नायूंच्या पेशींमधल्या ऊर्जा बनवणाऱ्या यंत्रणेवर परिणाम होतो. शिवाय रक्त कमी असतं.

फुप्फुसं सर्जन बदलतात. मांडीचा स्नायू कुणी बदलून देत नाही, तो परत घडवावा लागतो.

ऑपरेशनच्या आधी

बाबा सहकारी बँकेतून रिटायर झाले आणि वर्षभरात खोकला सुरू झाला. निदान झालं, हायपरसेन्सिटिव्हिटी न्यूमोनायटिस. म्हणजे कसली तरी धूळ, बुरशी, पक्ष्यांची विष्ठा वर्षानुवर्षं श्वासात जाऊन फुप्फुसाला सूज येते आणि मग ती कडक होत जातात. भारतातल्या १,०८४ पेशंटची नोंद असलेला एक मोठा अभ्यास २०१७ मध्ये आला. त्यात फुप्फुसं कडक होण्याच्या आजारांमध्ये हाच आजार सर्वांत जास्त, ४७ टक्के लोकांमध्ये होता. कबुतरांना दाणे घालणाऱ्या मंडळींनी आणि जुना कूलर न धुता चालू करणाऱ्यांनी हे जरा लक्षात ठेवा.

दीड वर्षात बाबा घरातल्या घरात ऑक्सिजनवर आले. ट्रान्सप्लांटसाठी आम्ही चेन्नईला गेलो. महाराष्ट्रातून बरेच पेशंट चेन्नई, हैदराबादला जातात, आता मुंबई-पुण्यातही ही ऑपरेशनं होतात. हॉस्पिटलजवळ एक खोली भाड्याने घेतली. मी वर्क फ्रॉम होम, आई स्वयंपाक, आणि बाबांना आठवड्यातून तीन दिवस फिजिओ.

पहिल्या दिवशी सहा मिनिटं चालण्याची टेस्ट. ही टेस्ट इतकी साधी आहे की मला वाटलं, एवढंच? ३० मीटरचा सरळ कॉरिडॉर, दोन टोकांना दोन कोन. सहा मिनिटांत जेवढं जमेल तेवढं चालायचं. धावायचं नाही. दम लागला तर थांबा, भिंतीला टेका, पण घड्याळ थांबत नाही. चाचणी घेणाऱ्याने दर मिनिटाला काय बोलायचं, तेही ठरलेलं असतं. कारण "चला चला, शाब्बास!" म्हणून उत्साह दिला की माणूस जास्त चालतो आणि मग आधीच्या आकड्याशी तुलना होत नाही. आपल्याकडे बेंचमार्किंगला लावतात तशीच शिस्त. बोटाला ऑक्सिमीटर असतो, आणि शेवटी विचारतात, दम किती लागला, शून्य ते दहा. याला बोर्ग स्केल म्हणतात.

बाबा चालले २१० मीटर. मध्ये दोनदा थांबून.

आमच्या नातेवाइकांचं म्हणणं मामीच्या घरच्यांसारखंच होतं. काका फोनवर म्हणाले, "अगं, आजारी माणसाला कुणी व्यायाम करायला लावतं का? असलेली ताकद जपून ठेवायला नको?" हे वाक्य मायेतून येतं, पण ते शरीराला लागू होत नाही. ताकद ही बँकेतली एफडी नाही की हात लावला नाही तर वाढेल. चालला नाहीत की स्नायू कमी होतो. स्नायू कमी झाला की तेवढ्याच कामाला जास्त दम लागतो. दम लागतो म्हणून माणूस आणखी कमी चालतो. हे चक्र एकदा फिरायला लागलं की आजारापेक्षा जोरात खाली नेतं.

आणि यादीच्या बाबतीत याला फार मोठी किंमत आहे. पेशंट इतका अशक्त झाला की ऑपरेशन सोसणार नाही असं टीमला वाटलं, तर त्याचं नाव यादीतून काढलं जाऊ शकतं. अवयव मिळाला तरी घ्यायला शरीर उरलेलं हवं ना. आमच्या फिजिओ मॅडम हे स्पष्ट सांगायच्या: "फोन कधी येईल ते आपल्या हातात नाही. तो येईल तेव्हा पाय तयार असले पाहिजेत."

मग करायचं कसं? तर ऑक्सिजन वाढवून. बसल्यावर बाबांना दोन लिटर लागायचा, चालताना पाच-सहा. बऱ्याच घरांमध्ये भीती असते की ऑक्सिजन वाढवला तर सवय लागेल. सवय लागत नाही. पण तो किती वाढवायचा ते डॉक्टरांनी लिहून द्यायला हवं, कारण काही आजारांत जास्त ऑक्सिजनही त्रास देतो. आमच्या टीमने बाबांना सांगितलं होतं, सॅच्युरेशन ८८ च्या खाली गेलं की थांबायचं, वर आलं की पुन्हा सुरू. एक मिनिट चाला, एक मिनिट थांबा. असे दहा फेरे. सलग दहा मिनिटं ज्याला जमत नाही, त्याला तुकड्यांत दहा मिनिटं जमतात. शिवाय खुर्चीवरून हात न टेकता उठणं-बसणं, रबरी पट्ट्याने पायाचे व्यायाम, जिन्याची एकच पायरी वर-खाली.

चार महिन्यांनी आजार वाढला होता, ऑक्सिजन जास्त लागत होता, तरी बाबा २५५ मीटर चालले. तज्ज्ञ म्हणतात की या टेस्टमध्ये ३० मीटरच्या आसपासचा फरक पेशंटला स्वतःला जाणवतो. बाबांना जाणवला. आपापलं बाथरूमला जाऊन आले आणि म्हणाले, "आज मध्ये बसावं लागलं नाही."

तर कोल्हापूरच्या मित्रा, तुझं उत्तर हे. मामीला धाप लागणार. धाप लागणं म्हणजे इजा होणं नव्हे. ऑक्सिमीटर लावून, ठरवून दिलेल्या मर्यादेत, मध्ये थांबत थांबत चालू दे. घरच्यांना पटवायचं असेल तर एकदा त्यांना फिजिओच्या खोलीत घेऊन जा. तिथे नाकाला नळी लावून सायकल मारणारी चार माणसं बघितली की अर्धा वाद मिटतो.

हॉस्पिटलमधले दिवस

फोन आला रात्री अकराला. त्या रात्रीबद्दल मी जास्त बोलणार नाही. कुठल्या तरी घरात त्याच वेळी कुणीतरी रडत होतं, त्यांनी "हो" म्हटलं म्हणून आम्हाला फोन आला. ते कोण, हे आम्हाला माहीत नाही, आपल्याकडे ते गुप्तच ठेवतात. एवढंच.

दोन्ही फुप्फुसं बदलताना बहुतेकदा छातीवर आडवा मोठा छेद घेतात. शिंपला उघडावा तशी छाती उघडतात, म्हणून त्याला क्लॅमशेल म्हणतात. तरीही व्हेंटिलेटर निघाला की फार वाट बघत नाहीत. आधी पलंगाच्या कडेला पाय सोडून बसवतात, मग उभं करतात, मग खुर्ची, मग चार पावलं. छातीत नळ्या, त्यांच्या बाटल्या एका स्टँडवर, एका बाजूला नर्स, दुसऱ्या बाजूला फिजिओ. ते तमिळमध्ये म्हणायचे, "मेदुवा, मेदुवा." म्हणजे हळूहळू. बाबांचा हा शब्द अजून आमच्या घरात चालतो. आई घाईत पोळ्या लाटायला लागली की बाबा म्हणतात, "मेदुवा."

इथे एक गोष्ट मला फार विलक्षण वाटली. फुप्फुस काढून दुसऱ्याच्या छातीत बसवताना त्याच्या नसा कापल्या जातात, आणि त्या जोडता येत नाहीत. त्यामुळे जोडाच्या खालच्या भागात कफ साठला तरी खोकला आपोआप येत नाही. आपल्याला ठसका लागतो तसा लागतच नाही. म्हणून पेशंटला ठरवून, आठवणीने खोकावं लागतं. छातीशी उशी घट्ट धरायची, म्हणजे टाके ओढले जात नाहीत, खोल श्वास घ्यायचा आणि खोकायचं. बाबांच्या मोबाइलवर दर दोन तासांचा अलार्म होता, नाव दिलं होतं "खोका".

आणि ते तीन बॉलचं यंत्र. अनेकांच्या घरी कोविडपासून पडलेलं असेल, निळ्या-पांढऱ्या रंगाचं. त्यात फुंकायचं नसतं, हवा आत ओढायची असते. एक, दोन, तीन बॉल वर जातात, त्यावर ६००, ९००, १२०० असे आकडे असतात. आजूबाजूच्या पलंगांवर मी किमान तीन जणांना ते फुंकताना बघितलं. तुमच्याकडे असेल तर आधी बरोबर पद्धत शिकून घ्या.

घरी आल्यावर

पहिले तीन महिने सगळ्यात महत्त्वाचे. आमचा आठवडा असा होता: तीन दिवस देखरेखीखाली फिजिओ, बाकीचे दिवस घरी चालणं. आधी पाच मिनिटं हलकं, मग वीस ते तीस मिनिटं चालणं किंवा सायकल, शेवटी पाच मिनिटं हळू. जोर किती? बोर्गवर तीन ते चार. घरगुती भाषेत, चालताना बोलता आलं पाहिजे, गाणं म्हणता येता कामा नये.

दोन-तीन दिवस पायांची ताकद. मांडी, पोटऱ्या, नितंब. हातांचं मात्र सावकाश. छातीचं हाड जुळेपर्यंत, साधारण सहा ते बारा आठवडे, चार-पाच किलोच्या वर काही उचलायचं नाही, ढकलायचं नाही, ओढायचं नाही. हे वजन घरात कुठे कुठे असतं ते बघा: पाण्याची बादली, भरलेला कुकर, दळणाचा डबा, नातवंड. पलंगावरून उठताना हातावर जोर देऊन उठायचं नाही, कुशीवर वळून उठायचं. स्कूटर बंद.

हाडांबद्दल एक सांगते. स्टिरॉइडमुळे मणक्याची हाडं फार लवकर ठिसूळ होतात. २००३ मध्ये अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एका छोट्या अभ्यासात ट्रान्सप्लांट झालेल्यांच्या पाठीच्या स्नायूंना सहा महिने वजनाचा व्यायाम दिला. व्यायाम न करणाऱ्यांची हाडांची घनता घटत गेली, करणाऱ्यांची बरीचशी भरून आली. अभ्यास लहान आहे, पण नुसतं चालून भागत नाही, थोडा वजनाचा व्यायाम लागतो, हे त्यावरून लक्षात येतं.

औषधांमुळे व्यायामात काही गमती होतात. टॅक्रोलिमसने हात थरथरतात. बाबांचा चहा बशीत सांडायचा, त्यामुळे डंबेल्सऐवजी मनगटाला बांधायची वजनं दिली. मॅग्नेशियम कमी होतं, पोटऱ्यांत गोळे येतात. स्टिरॉइडने साखर वाढते, आणि इन्शुलिन चालू असेल तर व्यायामात ती एकदम खालीही येऊ शकते. खिशात गोळी किंवा साखर हवीच. लिव्होफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक स्टिरॉइडबरोबर चालू असताना टाचेच्या वरची शीर दुखायला लागली तर व्यायाम थांबवून लगेच फोन करायचा, ती फाटू शकते.

मग योगाचं काय? हा प्रश्न आपल्याकडे पहिल्या दिवशी येतो. शेजारच्या काकूंनी कपालभाती सुचवली होती. आमच्या टीमने सांगितलं, जखम भरेपर्यंत जोराचे उच्छ्वास, पीळ देणारी आसनं, हातावर भार येणारी आसनं नकोत. दीर्घ श्वसन चालेल. पण अनुलोम-विलोमने मांडीत ताकद येत नाही, त्यासाठी उठाबशाच काढाव्या लागतात.

कुठे चालायचं? या औषधांमुळे प्रतिकारशक्ती कमी असते, म्हणून जागा निवडावी लागते. बांधकामाजवळ नको, माती उकरलेली बाग नको, कबुतरखाना तर नकोच. थंडीत सकाळी धुरकं असतं तेव्हा घरातच. आमच्या सोसायटीत तिसऱ्या मजल्याचा पॅसेज १८ मीटर आहे, मी टेपने मोजला. बाबा तिथेच मास्क लावून फेऱ्या मारायचे. शेजाऱ्यांची मुलं मोजायला थांबायची.

शीट, ग्राफ आणि तो मंगळवार

फोनवरच्या पावलांच्या अ‍ॅपचं टार्गेट दहा हजार असतं. हा आकडा कुठल्या वैद्यकीय नियमातून आलेला नाही. १९६५ च्या सुमारास जपानमध्ये एक पावलं मोजायचं यंत्र विकायला आलं, त्याच्या नावाचाच अर्थ दहा हजार पावलांचा मीटर. तिथून तो जगभर झाला. आम्ही तो काढून टाकला. बाबांचं टार्गेट म्हणजे मागच्या आठवड्याच्या सरासरीहून थोडं जास्त.

मी एक साधी गुगल शीट केली. तारीख, पावलं, चालण्याआधी आणि नंतरचं सॅच्युरेशन, दम शून्य ते दहा, ताप, वजन, आणि सकाळी घरच्या छोट्या स्पायरोमीटरवर फुंकलेला आकडा. जोरात फुंकल्यावर पहिल्या सेकंदात किती हवा बाहेर येते, तो. एफईव्ही वन म्हणतात. नियम असा की हा आकडा १० टक्क्यांनी खाली आला तर वाट न बघता टीमला कळवायचं.

सातव्या महिन्यातल्या एका मंगळवारी बाबांचा दम तीनवरून पाचवर गेला. तेवढ्याच फेऱ्या, तेवढाच वेग. ताप नाही, खोकला नाही. आठवतंय ना, नसा कापलेल्या, खोकला येणारच नव्हता. बुधवारी पुन्हा पाच. गुरुवारी एफईव्ही वन ११ टक्के खाली. आम्ही फोन केला, शुक्रवारी चेन्नईला ब्रॉन्कोस्कोपी झाली. इन्फेक्शन होतं, सुरुवातीलाच सापडलं. औषधं झाली, आकडा जवळजवळ पूर्ण परत आला.

रोज चालण्याचा हा फायदा कुणी पत्रकात छापत नाही. जो रोज तेवढंच चालतो, त्याला बिघाड आधी कळतो. जो चालतच नाही, त्याला कळायला उशीर होतो.

थांबायचं कधी, तेही सांगते. सॅच्युरेशन ठरलेल्या आकड्याखाली, छातीत दुखणं, चक्कर, धडधड, ताप १००.४ च्या वर. यातलं काहीही असलं तर त्या दिवशी व्यायाम नाही, फोन.

पुरावा किती?

बेल्जियममधल्या ल्यूवेनच्या टीमने २०१२ मध्ये एक चांगला अभ्यास छापला. ४० पेशंट, चिठ्ठ्या टाकाव्या तसे दोन गट. एका गटाला हॉस्पिटलमधून सोडल्यावर तीन महिने देखरेखीखाली व्यायाम, दुसऱ्याला फक्त सल्ला. वर्षानंतर व्यायाम केलेला गट रोजच्या आयुष्यात जास्त चालत होता, मांडीची ताकद जास्त होती, रक्तदाबही बरा होता. पण असे अभ्यास थोडे आहेत. २०२१ मध्ये कॉक्रेनने सगळे चांगले अभ्यास गोळा केले तर जेमतेम आठ निघाले, आणि तेही छोटे. त्यामुळे "व्यायामाने आयुष्य इतक्या वर्षांनी वाढतं" असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. तेवढं सिद्ध झालेलं नाही.

आणि एक खरी गोष्ट बोलायलाच हवी. किडनी किंवा लिव्हरच्या मानाने फुप्फुसाचं ट्रान्सप्लांट कमी टिकतं. जगभरच्या नोंदी बघितल्या तर निम्मे पेशंट साधारण साडेसहा वर्षांपर्यंत जगतात, निम्मे त्याहून जास्त. कितीही व्यायाम केला तरी शरीर हळूहळू नवीन फुप्फुस नाकारू शकतं. हा आकडा मला पहिल्या आठवड्यातच माहीत होता. बाबांना सांगावं की नाही, यावर मी आणि आई खूप रात्री बोललो. शेवटी त्यांनीच विचारलं, मी सांगितलं. ते बँकेतले, त्यांनी मनात हिशेब केला असणार. मग म्हणाले, "बरं. मग यातले पाय ओढत किती घालवायचे आणि चालत किती, तेवढंच आपल्याकडे आहे ना?" आणि पॅसेजमध्ये गेले.

आता तिसरं वर्ष चालू आहे. मागच्या टेस्टला ४८० मीटर. मंडईतून स्वतः भाजी आणतात, गर्दी नसताना, मास्क लावून, पिशवी दोन हातांत विभागून.

तुम्ही काय करू शकता

घरात कुणाला फुप्फुसाचा जुना आजार असेल, तर ट्रान्सप्लांटपर्यंत वाट बघू नका. डॉक्टरांना आज एक शब्द विचारा: पल्मनरी रिहॅब. जवळ सेंटर नसेल तर व्हिडिओ कॉलवर करून घेणारे फिजिओ आता आहेत. पहिली तपासणी मात्र समोरासमोर करा. फिजिओला तीन गोष्टी लिहून मागा: सॅच्युरेशन किती खाली गेलं की थांबायचं, चालताना ऑक्सिजन किती, आणि दम किती लागला तर चालेल. फिजिओचं बिल इन्शुरन्समध्ये बसतं का, तेही आधी तपासा. आमच्या पॉलिसीत ओपीडीची फिजिओ बसली नव्हती.

सांभाळणाऱ्यांसाठी एक. पेशंटसाठी सगळं तुम्हीच करू नका. पाण्याचा ग्लास त्यांना उठून घेऊ द्या. आईला हे सगळ्यात जड गेलं. ती स्वयंपाकघरात जाऊन उभी राहायची, मदत करायचा मोह होऊ नये म्हणून.

आणि तुमच्या-माझ्यासारख्या धडधाकट लोकांसाठी. अवयवदानाचा फॉर्म ऑनलाइन भरता येतो, पण नुसता फॉर्म भरून थांबू नका. त्या वेळी हॉस्पिटलमध्ये विचारतात ते घरच्यांना. त्यामुळे आज रात्री जेवताना घरी सांगा, "माझं हो आहे." अवघड वाटेल, पोळी घशात अडकेल कुणाच्या तरी, तरी सांगा.

मामीची सहा मिनिटं किती मीटर झाली ते मला नक्की कळव रे कोल्हापूरकरा. बाकीच्यांनी, हा भाग ज्याच्या घरी ऑक्सिजनचं मशिन घरघरतंय अशा एखाद्याला पाठवा. पुढच्या एपिसोडमध्ये नेहमीच्या विषयाकडे, म्हणजे नोकरी बदलताना नोटीस पिरियडचं काय करायचं. तोपर्यंत काळजी घ्या. आणि हो, मेदुवा.